रुईचं भजं

माझ्या जवाईबापूंनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, मला जन्मभर छळलं. हे मी रागानं सांगत नाही. म्हणजे रागानंच सांगतो, पण तो राग तुम्ही फार मनावर घेऊ नका. पुलगावच्या बाजारात माझ्या रागाला कोणी भीक घालत नाही. तिथं माझं शाळेच्या पुस्तकांचं, पाट्या-पेन्सिलींचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं पुस्तक चाळून परत ठेवलं की माझं डोकं फिरतं, आणि शाळा उघडायचे दिवस सोडले तर सगळे चाळूनच ठेवतात.

जवाईबापूंचं नाव रूपराव. राहणार नाचणगाव, म्हणजे पुलगावला अगदी खेटून. हीच तर माझी पंचाईत. लोकांचे जावई सणासुदीला येतात, आमचे दर बाजाराच्या दिवशी दुकानात हजर. काळ्या जमिनीचा एक तुकडा, त्यात कापूस, तूर, ज्वारी. बैलांची एक जोडी. अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि चेहरा इतका भोळा की नवख्या माणसाला वाटावं, याला कोणीही टोपी घालील. घालणारे दुसऱ्या दिवशी स्वतःची टोपी शोधत फिरत.

पोट शेतीवर, पण ओळख मस्कऱ्या म्हणून. कापसाचा एकाधिकार सुरू झाला, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा असं ठरलं, तेव्हा संकलन केंद्रावर बैलगाड्यांची ही लांब रांग लागायची. माणसं उन्हात ताटकळायची, बैल बिचारे शेपट्या हलवून थकायचे. पण रूपरावांची गाडी रांगेत दिसली की आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं उतरून तिच्याभोवती गोळा व्हायची. रांग पुढे सरकली तरी कोणी हलायचं नाही, आणि मागचे बोंबलायचे.

आमच्याकडे पोळ्याला सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे खड्या आवाजात म्हटलेल्या दोन-चार ओळी. त्यात गावातल्या कोणाचीही खोड काढावी, मग तो पाटील असो की सरपंच. त्या दिवशी रागवायचं नाही असा रिवाज आहे. एका पोळ्याला मी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. पाहुणा माणूस, मागे गुपचूप उभा होतो. रूपरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले,

पुलगावचं दुकान, पुस्तकायची रास,
घेणारा कोणी नाई, मालकच करते अभ्यास!

गाव खदाखदा हसलं. पुढच्या बाजारात माझ्या दुकानासमोरून जाताना पोट्टे तेच म्हणत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि चिडायचं तरी कसं, कारण ते खोटं नव्हतं. माझ्याकडे एक जाडजूड जुना शब्दकोश कित्येक वर्षांपासून पडून होता. कोणी घेईना, तेव्हा मीच तो वाचायला घेतला होता. वाचता वाचता त्याची चटक लागली. आता कोणी मागितला असता तरी दिला नसता.

त्या कोशात एकदा मी मुद्दाम मस्करी हा शब्द काढला. म्हटलं, या माणसाच्या धंद्याचं मूळ तरी पाहू. शेजारचा कापडवाला ओमप्रकाश येऊन बसला होता. त्याचे आजोबा मारवाडातून आले, तो मात्र पुलगावातच जन्मला. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि भांडताना मराठी बोलतो. तो म्हणाला, मसखरी आमच्या हिंदीतली, तुम्ही उचलली. मी म्हटलं, थांब, दाखवतो. निघालं भलतंच. शब्द मुळात अरबी, तिकडून फारसीत, मग हिंदीत आणि मग आपल्याकडे. मस्खरा म्हणजे ज्याला लोक हसतात तो, हसण्याचा विषय झालेला माणूस. पुढे दरबारात हसवायला ठेवलेल्या विदूषकाला मस्खरा म्हणू लागले आणि तो जे करतो ती मसखरी. ओमप्रकाशचं तोंड उतरलं. पुढच्याच ओळीत संस्कृतातला एक मस्करी सापडला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो हातात वेळूची काठी घेतलेला संन्यासी. मग मी पेटलोच. थट्टा काढला, तर तो मोठ्यानं हसण्याच्या आवाजावरून आलेला. चेष्टा काढला, तर संस्कृतात त्याचा अर्थ नुसती हालचाल, हातपाय हलवणं. त्याचं खोडी काढणं आपण मराठी माणसांनी केलं.

एवढ्यात रूपराव आले आणि पाट्यांच्या खोक्यावर बसले. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, जरा जोरातच. म्हटलं, बघा, तुमच्या मस्करीचा मूळ अर्थच मुळी दुसऱ्याचं हसं करणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिकडून निघाला तवा तसा असन," ते म्हणाले. "इतक्या लांबून आला बापा, वाटेत सुधरला असन."

ओमप्रकाश हसून लोळायचा बाकी राहिला. मी संन्याशाचा मुद्दा काढला. त्यावर म्हणाले, संन्यासी काय अन् मस्कऱ्या काय, दोघायचंबी घरी कोणी आयकत नाई. मग मात्र जरा गंभीर होऊन त्यांनी मला समजावलं. टिंगल माणूस उठून गेल्यावर करतात. मस्करी त्याच्या तोंडासमोर करतात, आणि तो आपला असला तरच. साळा, मेव्हणी, भावजय, व्याही, विहीण, ही हक्काची माणसं. परक्याची केली तर ती मस्करी होत नाही, भांडण होतं. मी म्हटलं, असं कोशात कुठं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मग तुम्ही लिहा, साळेबुवा, पेन्सिली तुमच्याजवळ पडूनच आहेत.



आता भजं. माझी बहीण जयवंता लग्न होऊन गेली, आणि मी तिला पहिल्यांदा भेटायला गेलो. नवा साळा म्हणून पंगतीत पहिला मान माझा. ताटात गरम भजी पडली. मी एक तोंडात टाकलं, चावलं, तर तुटेना. दातांनी ओढलं, तर लांबत गेलं. बाहेरून खरपूस बेसन आणि आत रुई. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा बेसनात बुडवून तळलेला! तोंडातून हा लांब धागा लोंबतोय आणि समोर सगळं घर पोट धरून हसतंय. मी ताटावरून उठलो. तसे रूपराव धावत आले, मला मिठी मारली, पुन्हा ताटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं खरी भजी वाढली. म्हणाले, आता तुम्ही आमचे झाले. त्या दिवशी मी बोललो नाही, पण भजी खाल्ली. चांगली झाली होती.

हे त्यांचं ठरलेलं काम. नाचणगावात कोणाच्याही पोरीचं लग्न असो, मुलाच्या बापाच्या ताटात रूपराव रुईचं भजं सोडणारच. गावाचा व्याही तो आपला व्याही, असा हिशेब. भजं कोणत्या घासाला तोंडात जाईल हे त्यांनाही माहीत नसे. व्याह्यांनी धागा ओढला, पंगत हसली, मिठी झाली, की लग्न पक्कं असं लोक मानत. मंगलाष्टकं भटजींची आणि शिक्का रूपरावांचा. देवळी, वर्ध्यापर्यंत ही गोष्ट पोचली होती. दूरदूरचे व्याही नाचणगावात जेवायला बसले की आधी भजं बोटानं दाबून पाहत, आणि तरीही फसत.

मग अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्याच मुलीचं, शोभीचं लग्न ठरलं.

स्थळ पवनारचं. मुलाचे वडील सदाशिवराव, धामच्या काठाला त्यांची शेती. सोयरीक जुळवली किसनरावांनी. हे किसनराव आमच्या भागातले जुने मध्यस्थ, दोन्ही घरी जाऊन चहा पिणारे आणि दोन्ही घरचं दोन्हीकडे सांगणारे. ते साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी आले आणि जयवंताला बाजूला घेऊन म्हणाले, घर सोन्यासारखं आहे, पण एक सांगून ठेवतो. सदाशिवरावांना मस्करी चालत नाही. सारं पवनार त्यांच्यासमोर जपून बोलतं. मी इतकी वर्षं जातो, त्यांच्याशी कोणी गमतीनं बोललेलं मी पाहिलं नाही. तुमच्या घरधन्याला आवरा, नाहीतर माणूस ताटावरून उठेल.

साक्षगंधाला सदाशिवरावांना पाहिलं तर किसनराव खरे बोलत होते असंच वाटलं. उंच, वाळलेला माणूस, खादीचं धोतर. विचारलं तेवढंच बोलले आणि एकदाही हसले नाहीत. त्यांची बायको विमलाबाई, तीही हलक्या आवाजात बोलणारी. ते गेल्यावर जयवंतानं नवऱ्याला समोर बसवलं, शोभीला बोलावलं आणि पोरीच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पोरगी सासरी जाईपर्यंत मस्करीचा एक शब्द काढणार नाही, आणि भजं तर नाहीच नाही. मी तिथंच होतो. म्हटलं, सुटलो बुवा, निदान लग्नापुरता तरी.

रूपरावांनी शपथ घेतली. पोरीवर फार जीव. पुढचे सगळे दिवस हा माणूस इतका सरळ वागला की गावाला चुकल्यासारखं झालं. दुकानात यायचे, खोक्यावर बसायचे, पत्रिकांचं विचारायचे आणि जायचे. एक दिवस ओमप्रकाशनं मला विचारलं, तुमच्या जवाईबापूंची तब्येत बरी नाही का? खरं म्हणजे मलाही करमत नव्हतं, पण ते मी त्याला कशाला सांगू.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. पवनारची वरात ट्रकनं आली होती, तिला उतरायला शाळा दिली होती. सुट्टीचे दिवस, शाळा रिकामीच. लग्न नीट लागलं आणि दुपारी पंगत बसली. सदाशिवराव मधल्या पाटावर. रूपराव स्वतः वाढायला, डोक्यावर नवी टोपी, हात जोडलेले. घ्या जी, थोडं घ्या जी. एवढंच. चुकून दुसरा शब्द नाही. मी मागे उभा राहून पाहत होतो. सदाशिवरावांनी एक भजं उचललं, बोटांनी तोडलं, आत पाहिलं आणि ठेवून दिलं. दुसरं उचललं, तोडलं, ठेवलं. ताटातली सगळी भजी अशी दोन-दोन तुकडे करून ठेवली आणि एकही खाल्लं नाही. मला वाटलं, तेलकट चालत नसेल. गोड वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. पान न घेताच उठले आणि शाळेत निघून गेले. त्यांच्यामागे पवनारची सगळी माणसं अर्ध्या ताटावरून उठली.

थोड्या वेळानं किसनराव शाळेतून आले. तोंडचं पाणी पळालेलं. म्हणाले, सदाशिवराव सांगून राहिले की लग्न लागलं, सून आमची, तिला आम्ही नेतो, मानानं नांदवतो. पण या घराशी येणं-जाणं राहणार नाही. पोरगी माहेरी यायची नाही आणि इकडचं कोणी पवनारला यायचं नाही.

शोभी आत ऐकत होती, तिचं रडणं बाहेर ऐकू आलं. सगळ्यांची नजर रूपरावांवर, की हा काय बोलून बसला? आणि हा बिचारा आयुष्यात पहिल्यांदा काहीच बोलला नव्हता. ते बैलांच्या गोठ्यात जाऊन गव्हाणीला टेकून बसले.

मामा म्हणून शाळेत जाणं माझ्यावर आलं. मी तापलेलोच होतो. सोन्यासारखी पोर दिली, हात जोडून वाढलं, आणि वर हा तोरा? जाऊन मी सरळ विचारलं की आमच्याकडून काय कमी पडलं. सदाशिवराव वर्गातल्या बाकावर बसले होते. गुडघे बाकात मावत नव्हते. ते माझ्याकडे न पाहता बोलले.

"नाचणगावात कोणाचाबी व्याही आला तं त्याले ते भजं भेटते. साऱ्या जिल्ह्याले मालूम आहे. मलेच काऊन नाई?"

मी समोरच्या बाकावर बसलो. मग ते थांबत थांबत बोलत राहिले. त्यांचा थोरला मुलगा पुंडलिक धामच्या पुरात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून लोक त्यांना पाहिलं की आवाज खाली करतात. पारावर हसणं चाललेलं असलं आणि हे पोचले, की सगळे गप्प होतात. आधी ते आपल्या दुःखाचा मान राखणं वाटलं, बरं वाटलं. मग वर्षं गेली तरी कोणी गप्पांत घेईना. साळे आले तरी वाकून नमस्कार करतात आणि जातात. जिवंत माणूस फोटोतल्यासारखा झाला. नाचणगावची सोयरीक आली तेव्हा त्यांनी रूपरावांच्या नावावर हो म्हटलं. म्हटलं, तो माणूस तरी सोडणार नाही. काल रात्री विमलाबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की भजं आलं तर रागाचं तोंड करू नका, हसा.

"तुमच्या जवाईबापूनं बी मले तसंच वाढलं," ते म्हणाले. "तेराव्याच्या पंगतीत वाढतात तसं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी किसनरावांचं आणि शपथेचं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात हलवला. समजूत काढायला सगळेच येतात, म्हणाले. त्या हाताचा अर्थ मला कळला. त्यांना आता कोणाची मऊ भाषा नको होती.

मी जवळजवळ धावतच घरी आलो आणि गोठ्यात जाऊन रूपरावांना सगळं सांगितलं. पुंडलिकचं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"जिंदगीत एकडाव शहाण्यासारखा वागलो," ते म्हणाले, "अन् पोरीचं माहेर तोडून बसलो."

मी म्हटलं, मग उठा, कढई ठेवा. तर उठेनात. शपथ पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, आणि पोरगी अजून सासरी गेलेली नाही. काही बरंवाईट झालं तर? जयवंता म्हणाली, मी घ्यायला लावली, मीच सोडते. ते म्हणाले, डोकं तुझं नव्हतं. आता याला काय म्हणावं. गावाला हसवणारा माणूस शपथेच्या बाबतीत पोरासारखा भाबडा.

हे बोलणं चालू असताना शोभी स्वतःच गोठ्यात आली. हळदीची साडी, मुंडावळ्या कपाळावर, डोळे रडून लाल. नवरीनं गोठ्यात येऊ नये म्हणून मागे बाया ओरडत होत्या. तिनं कोणाचं ऐकलं नाही. बापाचा हात धरला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि स्वतःच झटकून खाली टाकला.

"बाबा, शपथ सुटली," ती म्हणाली. "आता उठा, अन् मले माहेर ठेवा."

मग जे काही सुरू झालं! रूपराव उठले ते थेट चुलीपाशी. बेसन होतं, तेल होतं, रुई कुठंय? गेल्या हंगामाचा कापूस विकून झालेला, घरात बोंड नाही. जयवंतानं इकडे तिकडे पाहिलं आणि आंदणातल्या नव्या गादीची शिवण दातांनी तोडली. शोभीच्याच गादीतली मूठभर रुई. रूपरावांनी तिचा बोळा केला, पण एकच. मी विचारलं, एकच का, चार टाका, नेम चुकायला नको. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं काही मी शाळेतलं पोर आहे. चार टाकले तं तो तमाशा होते, साळेबुवा, म्हणाले, एक टाकला तं मस्करी होते. खरी भजी आणि ते एक, सगळं सारख्या रंगावर तळलं. मी टक लावून पाहत होतो तरी मला ते ओळखू येईना.

ताट घेऊन ते निघाले. मागे जयवंता, मागे मी, आणि आमच्या मागे अर्धं नाचणगाव. शाळेच्या दारात पवनारची माणसं उभी होती, त्यांनी वाट दिली. सदाशिवराव तसेच बाकावर बसले होते. रूपरावांनी ताट त्यांच्या समोर ठेवलं आणि त्याच भोळ्या चेहऱ्यानं म्हणाले, व्याही, उपाशी जाऊ नका. दुसरं काही नाही. ना माफी, ना समजूत.

सदाशिवरावांनी ताटाकडे पाहिलं, मग रूपरावांकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं, कारण ते सावरून बसले. एक भजं उचललं, हातात जरा धरलं आणि खाल्लं. खरं निघालं. दुसरं खाल्लं, तेही खरं. माणूस सावकाश खातोय, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि ताट रिकामं होत चाललंय. शेवटचं भजं त्यांनी चावून चावून गिळलं. रुईचा पत्ता नाही.

मी रूपरावांकडे पाहिलं, तर तेही ताटाकडे बघतच राहिलेले. बाकाखाली पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जयवंतानं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. तिला वाटलं, घाईत ते भजं घरीच राहिलं. झालं, संपलं सगळं.

सदाशिवराव उठून उभे राहिले. आवाज तसाच कोरडा. म्हणाले, व्याही, तुमच्या हातचं जेवलो, आता एक घास माझ्या हातचा घ्या. व्याह्यांनी एकमेकांना घास भरवायचा, ही तर आपली रीतच. येणं-जाणं राहील याची ती खूण. रूपरावांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले आणि तोंड उघडलं. सदाशिवरावांनी मुठीतला घास त्यांच्या तोंडात घातला. रूपरावांनी चावला. तुटेना. पुन्हा चावला. मग त्यांनी दोन बोटांनी टोक धरून ओढलं, आणि मिशीतून हा लांब रुईचा धागा बाहेर आला.

सदाशिवरावही कापूस पिकवणारा माणूस. उचलतानाच वजनावरून त्यानं हलकं भजं ओळखलं होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मुठीत लपवलं होतं. रूपराव तोंडात धागा घेऊन उभे! जन्मभर दुसऱ्यांच्या दातांत रुई अडकवणारा माणूस चारी मुंड्या चीत. मला किती आनंद झाला ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी खो खो हसलो. आधी मी हसलो, मग शाळा हसली, खिडक्यांतून बघणारे हसले. आणि सगळ्यांच्या वर एक आवाज आला, वंगण नसलेल्या गाडीच्या कण्यासारखा, अडकत अडकत. तो सदाशिवरावांचा होता. ते हसत होते. बाकाला धरून, वाकून, धाप लागेपर्यंत हसत होते. रूपरावांनी त्यांना मिठी मारली तरी थांबेनात.

"आमच्या पुंडल्यानं पाह्यलं असतं तं," ते हसता हसता म्हणाले, "इथंच लोळला असता."

दारात विमलाबाई उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली आणि तिथंच खाली बसल्या. पोरगा गेल्यापासून त्या घरात हे नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्या कधी काढायला गेल्या की नवरा उठून शेतात निघून जायचा. आज तोच ते नाव घेऊन हसत होता, आणि हसता हसता रडायलाही लागला होता. विमलाबाई पदरात तोंड घालून रडत राहिल्या. जयवंता त्यांच्याजवळ जाऊन बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग विमलाबाईंनी डोळे पुसले आणि जयवंताला विचारलं, भजी उरली आहेत का, आमच्याकडची सगळी माणसं अर्धपोटी आहेत. कढई पुन्हा चढली. पवनारची पंगत दुसऱ्यांदा बसली, या वेळी नाचणगावच्या माणसांत मिसळून, आणि कोण कोणाच्या ताटात काय टाकतंय याचा कोणाला पत्ता लागेना. माझ्या ताटात काय पडलं ते मी सांगणार नाही.

दिवस कलल्यावर ट्रक निघायला झाला. विमलाबाई स्वतः मांडवात आल्या, शोभीचा हात धरला आणि जयवंताला म्हणाल्या, "दर सणाले धाडीन पोरीले. अन् तिच्यासंगं हेबी येतीन, आता घरी थांबत नाई थे."

तसंच झालं. पुढची सगळी वर्षं, ऐंशी साल उजाडून गेलं तरी, शोभी माहेरी यायची आणि सासरा तिच्या आधी गाडीतून उतरायचा.